पिक्चरमध्ये नसलेलं वाक्य

औषधाच्या कारखान्यात मला नोकरी लागली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. वडील दापोडीला वर्कशॉपात फिटर होते. मुलीनं कारखान्यात जावं की नाही यावर घरात आठ दिवस खल झाला. शेवटी आईनंच निकाल दिला, "औषधाचाच कारखाना आहे ना? मग रोज दवाखान्यात गेल्यासारखंच की." झालं, मी पिंपरीला जायला लागले.

तेव्हा पिंपरी स्टेशनच्या एका अंगाला निर्वासितांच्या बराकी, दुसऱ्या अंगाला ज्वारीची रानं, आणि त्या रानांतून एकदम वर आलेल्या कारखान्याच्या पांढऱ्या भिंती. आमच्या खात्यात सगळ्या बायकाच. भरून आलेल्या बाटल्या उजेडासमोर धरून बघायच्या, लेबलं लावायची आणि खोक्यांत रचायच्या, एवढं काम. काम चालू असताना बोलायचं नाही असा नियम होता, आणि तो आम्ही पाळायचो. पण दुपारचा भोंगा झाला की सकाळपासून तोंडात धरून ठेवलेलं सगळं बोलणं एकदम बाहेर पडायचं. शेडच्या मागं कडुनिंब होता, त्याच्याखाली आम्ही डबे सोडायचो.

त्या बायकांत सिनेमा बघणारी मी एकटी. बाकीच्या जणींनी पाहिला असेल तर लग्नाआधी कधीतरी एखादा देवाचा. माझी मावशी पुण्यात राहायची. तिला सिनेमाचं भारी वेड, आणि काका पोस्टातून घरी आले की पेपरात डोकं घालून बसणारे. त्यामुळे तिला सोबत हवी असायची. महिन्यातून एका रविवारी मी सकाळच्या गाडीनं पुण्याला जायची, मावशीकडं जेवायची आणि दोघी तीनच्या खेळाला जायचो.

मावशीचं आणि माझं एकाही पिक्चरवर कधी एकमत झालं नाही. तिला रडायला आवडायचं. पदर ओला झाला की पिक्चर चांगला. मला रडायला हरकत नव्हती, पण कशासाठी रडतोय ते पटायला हवं. एका पिक्चरमध्ये नायकाची आई आजारी पडली. डॉक्टर आला, त्यानं नाडी बघितली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, आता सगळं देवाच्या हातात. मावशी हुंदके द्यायला लागली. मी मात्र जाम चिडले. अहो, बॅग उघडा की आधी! आम्ही तिकडं दिवसभर बाटल्या कशाला भरतोय?

बर्फाच्या डोंगरावरचं गाणं असलं की नायकाच्या अंगात कोटावर कोट आणि नायिका पातळ साडीत. नावेतलं गाणं असलं की नाव हलायची नाही, मागचं पाणीच हलायचं. तमाशाचे मराठी पिक्चर मला मध्यंतरापर्यंत फार आवडायचे. मध्यंतरानंतर पाटलाला पश्चात्ताप व्हायचा आणि तिथं मजा संपायची. खरं सांगू का, मला व्हिलन आवडायचे. पिक्चरमध्ये मनात असेल ते सरळ बोलणारा माणूस तेवढा एकच असायचा.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी पिक्चर सांगायची. पोळी हातात तशीच राहायची आणि बायका ऐकत बसायच्या. गाणं आलं की मी म्हणायची, "इथं एक गाणं आहे." त्यावर आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर बाई भांडायच्या. त्या चऱ्होलीच्या, तिकडच्या जुन्या घरातल्या. आम्ही सगळ्या त्यांना आत्या म्हणायचो.

"गानं हाय तर म्हन की!"

"आत्या, मला गाता येत नाही."

"आमाला तरी कुटं येतंय? आमी ववी म्हनतोच नव्हं?"

मग मी कशीबशी चाल लावायची आणि सगळ्या हसायच्या.

दुसरी लक्षात राहण्यासारखी बाई म्हणजे अक्का. ती बीडकडची. तिशी उलटलेली, उंच, हाडापेरानं मजबूत. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला भावाच्या दारात आणून सोडलं. भाऊ कारखान्याच्या बांधकामावर गवंडी म्हणून आला होता, त्याच्यामागं ती आली आणि बांधकाम संपल्यावर आमच्या खात्यात लागली. तिचा हात फार चपळ. पण बोलायची फार कमी. पिक्चर सांगताना ती सगळ्यांत मागं, झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसायची आणि एकटक माझ्या तोंडाकडं बघायची.

आधी मी जसा पाहिला तसाच पिक्चर सांगत असे. पण हळूहळू हात सैल सुटला. एका पिक्चरमध्ये मालकासाठी कुत्रा मरतो. आत्यांचा कुत्रा आदल्याच आठवड्यात गेला होता, म्हणून मी तो कुत्रा मारलाच नाही. लंगडत का होईना, घरी आणला. कुणाला काही कळलं नाही. मग एका आंधळ्या म्हातारीला देवळाच्या पायरीवर आपटून दृष्टी यायची होती, ती मी दवाखान्यात नेऊन आणली.

आणि मग तो पिक्चर आला. नवरा एका नाचणारणीच्या नादी लागून बायकोला टाकतो. बायको शिवणकाम करून दिवस काढते. बरीच वर्षं जातात. मग नवरा कंगाल होऊन, दाढी वाढलेली, तिच्या दारात येतो. इथपर्यंत मी अगदी पुढं सरकून बघत होते. आता ही काय बोलते! तर ती काहीच बोलली नाही. धाडकन त्याच्या पायांवर पडली, त्याच्या चपला कपाळाला लावल्या, "चूक माझीच" म्हणाली, खोकली आणि पुढच्या पाचदहा मिनिटांत मेली. मावशीचा पदर, रुमाल, सगळं भिजून चिंब. बाहेर आल्यावर म्हणते, "काय सुंदर पिक्चर!" मी तिच्याशी स्टेशनपर्यंत बोलले नाही.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी तो शेवट मनात मोडत आले. सोमवारी झाडाखाली सांगितला तो असा: नवरा दारात येतो. बायको शिवणयंत्रावरून उठते, चौकटीला हात लावून उभी राहते आणि म्हणते, "आलात, बसा. पाणी प्या. पाणी पिऊन झालं की वाटेला लागा."

आत्या म्हणाल्या, "आगं शाब्बास!" आणि सगळ्यांचा एकच गलका झाला.

तेवढ्यात मागून अक्कानं विचारलं, "मग तो गेला?"

"गेला."

"मुकाट?"

"मुकाट."

"आन ती?"

तिचं पुढं काय झालं याचा मी विचारच केला नव्हता. जे सुचलं ते बोलले, "तिनं दार लोटून घेतलं आणि स्वतःपुरता चहा केला."

अक्कानं मान हलवली आणि डबा बंद केला.

त्यानंतर दीडदोन महिने गेले असतील. एका सोमवारी माझ्याकडं सांगायला पिक्चर नव्हता, आणि अक्का आपणहून पुढं येऊन बसली. हे कधी झालं नव्हतं. म्हणाली, "आज मी सांगते."

आदल्या दिवशी तिचा नवरा आला होता. सोबत गावातले दोन थोर लोक. अक्काला कंपनीत पगार मिळतो ही बातमी गावाकडं पोचली होती, आणि आता त्याला हिला नांदवायची होती. भाऊ बिचारा गोंधळला. थोर लोक म्हणाले, बाईच्या जातीला नवऱ्याचं घर ते घर. नवरा खाली बघून बसलेला. सगळे हिच्याकडं बघायला लागले.

"माज्या तोंडातून शब्द फुटंना," अक्का म्हणाली. "आन मंग मला पिक्चरमधली ती बाई आठवली. म्हनलं, ती एवढी नाजूक, मशीन चालवणारी, ती बोलली. मला बोलाया काय झालं? चौकटीला हात लावला आन म्हनलं, आलात, बसा. पानी प्या. पानी पिऊन झालं की वाटंला लागा."

"मग?" आम्ही सगळ्यांनी एका सुरात विचारलं.

"दोगं म्हातारे प्याले. ह्यो न पिताच गेला."

आत्यांनी तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. बायकांनी आपापल्या डब्यातलं काहीबाही तिच्यासमोर ठेवलं. मी हसत होते, पण खरं काय ते मला ठाऊक होतं. पिक्चरमधली बाई तसं काहीच बोलली नव्हती. ती चपला कपाळाला लावून मेली होती. आणि माझ्या थापेवर भरवसा ठेवून एका बाईनं आपला संसार कायमचा मोडला होता. सांगून टाकावं असं दहादा वाटलं. मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं की! पण खरा शेवट जास्त चांगला होता हो." तिच्याकडून काही मदत होणार नव्हती.

थंडी सुरू झाली आणि चिंचवडच्या माळावर तंबू लागला. फिरता सिनेमा दरवर्षी यायचा. त्याचा मालक देहूरोडचा, आधी लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणारा एक मुसलमान मेकॅनिक. सगळे त्याला चाचा म्हणायचे. यंत्र तोच चालवायचा, इंजिनही तोच दुरुस्त करायचा आणि टांग्यात बसून भोंग्यातून जाहिरातही तोच करायचा. एका दुपारी आमच्या कारखान्याच्या फाटकासमोरून त्याचा टांगा गेला आणि भोंग्यातून त्या पिक्चरचं नाव ऐकू आलं.

झाडाखाली नुसता उत्साह. "हाच नव्हं का गं? पानी पिऊन वाटंला लाग म्हनती त्यो?" सगळ्यांचं ठरलं, रविवारी पहिल्या खेळाला जायचं. मी हजार सबबी सांगितल्या. पट्टी जुनी असणार, पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा दिसतात, वाळूवर बसून कंबर धरते, आवाज फाटका येतो. आत्या म्हणाल्या, "तू घरी ऱ्हा. तुजं बगून झालंय." पण घरी राहणं मला जमणार नव्हतं.

रविवारी दिवेलागणीला आम्ही सगळ्या तंबूत पोचलो. मधोमध गोणपाटाचा पडदा, एकीकडं बायका, दुसरीकडं पुरुष. सतरंज्या घरून आणलेल्या. अक्का हिरवं लुगडं नेसून आली होती, जरीच्या काठाचं. माझ्या शेजारीच बसली.

पिक्चर सुरू झाला. बायका खूश. मी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं समोर दिसत होतं. "ही बग, नाचनारीन आली." "आता मशीन घेनार बग ती." कुणी कुणी तर पुढचा प्रसंग आधीच सांगून पलीकडच्या पुरुषांच्या शिव्या खाल्ल्या. मी पडद्याऐवजी अक्काकडं बघत होते.

दाढीवाला नवरा दारात आला. अक्का गुडघ्यांवर उठून बसली. बाई मशीनवरून उठली, दाराशी गेली, आणि धाडकन त्याच्या पायांवर पडली.

"आगं ऊठ!" आत्या ओरडल्या. "ऊठ की भवाने!"

बाईनं चपला कपाळाला लावल्या.

मग काय विचारता! कुणी म्हणतंय हा पिक्चरच वेगळा, कुणी म्हणतंय मधली पट्टी कापली. नेमकं तेव्हाच रीळ संपलं. तंबूत एकच यंत्र असायचं, रीळ बदलेपर्यंत दिवे लावायचे. दिवे लागले आणि सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. अक्का सगळ्यांच्या आधी.

"ते पान्याचं कुटं गेलं?" तिनं विचारलं.

"अक्का, ते पिक्चरमध्ये नाही."

"न्हाई म्हंजे?"

"मी घातलं होतं मनानं. मला हा शेवट आवडला नव्हता." मी तिचा हात धरला. "अक्का, माझं चुकलं. मी त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं."

अक्का म्हणाली, "म्हंजे मी समजत व्हते, एवढी मोठी बाई, पडद्यावरची, ती बोलली म्हनून मी बोलले. आन ते तू बोलायलीस? लगीन न झालेली, एवढीशी पोरगी?"

मी मान खाली घातली. तर शेजारून खुसखुस ऐकू आली. वर बघते तर अक्का तोंडाला पदर लावून हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, आत्यांनी पाठीवर थापट्या मारल्या.

"अक्का, तू रागावली नाहीस?"

"कामून रागवू? तू झाडाखाली बसून, पोळी खात खात बोललीस. मी त्याच्या तोंडावर बोलले. दोन म्हातारे बसलेले, भाऊ थरथर कापायला, तवा बोलले. मंग ते वाक्य कुनाचं झालं? तुजं का माजं?"

"तुझंच," मी म्हणाले.

"मंग!"

एवढ्यात गलका ऐकून चाचा गोणपाट बाजूला करून आला. हात तेलानं माखलेले. "क्या हुआ, बायांनो? काय झालं?"

आत्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ह्यो शेवट आमाला पसंत न्हाई. दुसरा लाव."

"अरे, दुसरा कुठून लावू, माय? डब्यात आहे तोच लागतो."

"म्होरं काय हाय डब्यात?"

"आता मरते ती."

"मरती? कशानं?"

"खोकल्यानं."

मला राहवेना. "अहो चाचा, खोकल्याला औषध असतं!"

"बेटी, मला काय सांगतेस?" चाचा हात जोडून म्हणाला. "मी तर वीस वेळा बघितलं. दर वेळी वाटतं, आज तरी वाचेल."

पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. "ओ राव, चालू करा की!" आमच्यातल्या दोघीतिघी सतरंजी गुंडाळायला लागल्या. नाहीतरी आता बघायचं काय राहिलं होतं? पण अक्का जागची हलली नाही.

"बसा," ती म्हणाली. "कशी मरती ते बगून जाऊ."

सगळ्या बसल्या. बाई खोकली, मागं व्हायोलिन वाजलं, नवऱ्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि ती मेली. आमच्या बाजूला एकीच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. आत्या तर शेंगा सोलत होत्या. पण गोणपाटाच्या पलीकडून सूं सूं असे आवाज यायला लागले. कुणीतरी मोठ्यानं नाक शिंकरलं. खेळ सुटला तेव्हा बघितलं, तर बाहेर पडणारे बापई डोळे पुशीत चालले होते. अक्का त्यांच्याकडं बघत म्हणाली, "ह्येंना लई आवडलेलं दिसायलंय."

दुसऱ्या दिवशी झाडाखाली आत्यांनी नवा कायदा केला. आधी पिक्चर जसा असेल तसा सांगायचा. तो संपला की मग माझं काय म्हणणं असेल ते वेगळं सांगायचं. "दोनी पायजेत," त्या म्हणाल्या. "पन मिसळायचं न्हाई. डाळ येगळी आन भात येगळा." त्यामुळे सुट्टीचे दोन भाग झाले. पहिल्या भागात मी एकटी बोलायची, दुसऱ्यात सगळ्या जणी. ज्या बायका आधी नुसतं ऐकायच्या त्या आता भांडायला लागल्या. नायकानं चिठ्ठी कशाला लिहिली, तोंडानं का सांगितलं नाही? हरवलेला भाऊ वीस वर्षांनी भेटतो, तर ओळख पटवायला गळ्यातला ताईतच कशाला लागतो? तोंडावळा दिसत नाही का? मला ठाऊक होतं की आम्ही ज्यांच्याबद्दल बोलत होतो त्यांना आमच्या मतांचा पत्ताही लागणार नव्हता. तरी मतं ठाम होती.

अक्काचा नवरा पुन्हा आला नाही. वर्षभरात तिनं चिंचवड गावात एक खोली घेतली आणि गावाहून आईला घेऊन आली. खात्यात नव्या मुली आल्या की त्यांना काम शिकवायला तिच्याकडं सोपवायचे. अजूनही बोलायची कमीच, पण बोलली की खात्यात तेच चालायचं.

पुढं एका रविवारी मी तिला माझ्यासोबत पुण्याला नेलं. पक्क्या थेटरात ती पहिल्यांदाच येत होती. मावशीनं हौसेनं तिला आम्हा दोघींच्या मध्ये बसवलं. पिक्चर हलकाफुलका होता. एका श्रीमंत मुलीची मोटार रस्त्यात बंद पडते, मेकॅनिक येतो, दोघांची नजरानजर होते आणि मोटारीचं झाकण उघडं टाकून ती दोघं डोंगरावर गाणं म्हणत पळतात. ते गाणं बरंच लांबलं. कारंजी झाली, फुलांचे ताटवे झाले, घोडागाडीही झाली. अक्का अस्वस्थ होऊन चुळबुळ करायला लागली. शेवटी तिला धीर धरवेना. तिला वाटलं ती कुजबुजतेय, पण आवाज चार रांगांना ऐकू गेला.

"आगं, आन त्या गाडीचं काम तसंच ऱ्हायलं की!"

मावशी फिसकन हसली. पुढच्या रांगेतले काळ्या टोपीतले एक गृहस्थ वळून म्हणाले, "बाई, जरा गप्प बसाल का?"

"बसते की," अक्का म्हणाली. "पन तुमी सांगा, काम ऱ्हायलं का न्हाई?"

गृहस्थ पडद्याकडं वळले. कारंज्यामागून नायक नायिका अजून पळतच होते. थोडा वेळ त्यांनी ते पाहिलं. मग पुन्हा अर्धवट मागं वळून, आवाज उतरवून म्हणाले, "राहिलं खरं."